वगळलेले गुण

हुडकेश्वर, नागपूर
२४ मार्च २०२४

सुभद्रा,

तुझा फोन लागत नाही, म्हणजे फक्त मलाच लागत नाही, हे कळायला मला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी कॉलेजातल्या शिपायाच्या फोनवरून लावला. तू उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. जरीपटक्याच्या तुझ्या घरी मी इतक्या वेळा आले, पण पाकिटावर पत्ता लिहायची वेळ कधी आली नव्हती. पिनकोड शोधावा लागला.

विमानतळावरून मी थेट तुझ्याकडेच आले होते, हे तुला नागसेनभाऊंनी सांगितलं असेल. बायकोच्या वतीनं तेच फाटकात उभे होते. म्हणाले, "ताई, आज नोका येऊ. ते लय तापून राहिली." मी बॅग ऑटोतून उतरवलीच नाही.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. निकालाच्या कागदावर चारही पंचांचे आकडे छापून आले आहेत आणि तिसरी खुर्ची माझी होती हे तुला माहीत आहे. बीमवर वैभवीला बाकी तिघींनी ७.७, ८.१ आणि ८.२ दिले. मी ७.६. सगळ्यांत कमी. तुझी मुलगी नववी आली, अंतिम फेरीत आठ जणी जातात, आणि आठवी तिच्यापेक्षा एक दशांश पुढे होती. ऑलिंपिकच्या वर्षात जिम्नॅस्टिक्सच्या अशा आंतरराष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी म्हणजे राष्ट्रीय शिबिरात थेट जागा. आपण दोघी वर्षभर दुसरं काही बोललोच नाही. संघाबरोबर दिल्लीचे प्रशिक्षक गेले, तिची प्रशिक्षक असून तुला जाता आलं नाही, तेव्हा तू म्हणालीस, "तू हाय न तिथं." मी म्हणाले, हो, मी आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की मी जे पाहिलं तेच दिलं. हवेत पाय बदलून ती जी उडी घेते, ती झाल्यावर बीमच्या चार बोटं रुंद पट्टीवर ती डुलली. तू ते मोबाइलवर पाहिलंस, मी चार मीटरवरून पाहिलं. त्याचेच तीन दशांश जातात. शिवाय तुला नियम माहीत आहे. चारांतले सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी गुण वगळतात आणि मधल्या दोघांची सरासरी धरतात. माझे सगळ्यांत कमी होते, म्हणून वगळले गेले. तिच्या निकालात माझा आकडा नाहीच.

हॉटेलच्या लिफ्टमध्ये तिनं "मावशी" म्हणून हाक मारली आणि मी फोनमध्ये पाहत राहिले, हेही तिनं सांगितलं असेल. स्पर्धा संपेपर्यंत पंचांनी खेळाडूंशी बोलायचं नसतं. तू दिलेला चिवड्याचा डबा मी तिला शेवटच्या दिवशी दिला. पंचांच्या अर्जात निकटच्या नातेवाइकांबद्दल विचारलं होतं. मैत्रिणीच्या मुलीसाठी रकाना नव्हता. मी 'नाही' लिहिलं. ते खोटं नाही.

एकदा फोन उचल.

तुझी,
नंदिनी


१६ एप्रिल

सुभद्रा,

परवा विहारातल्या जयंतीच्या कार्यक्रमात तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस. मला वाटलं होतं तू येणार नाहीस. मग वाटलं, मुलीचा सत्कार आहे, येईलच. मला मात्र तिचा आणि माझा सत्कार एकाच वेळी आहे हे स्टेजवर गेल्यावर कळलं. हे तुला पटणार नाही, पण तसंच झालं.

माइकवरचा तो मुलगा काय म्हणाला ते तू ऐकलंस. "आपल्या वस्तीची पहिली आंतरराष्ट्रीय पंच! आपली पोरगी समोर होती तरी सोडलं नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या खांद्यावर शाल आली. मी हात जोडले.

मग वैभवी बोलली. तुला ते ऐकू येत होतं, पण तिचा चेहरा तुझ्यापेक्षा मला जवळून दिसत होता, म्हणून लिहिते. "जयभीम. मी नववी आली. एका दशांशानं राहिली. माझाच पाय डुलला, त्यात कोणाचा दोष नाही. मम्मी म्हणते, पंचाच्या नावानं रडायचं नाही. मी सगळ्यांना सॉरी म्हणते." मागून कुणी म्हातारी ओरडली, "सॉरी काहून म्हणतं वं, विमानात बसून तं आली!" सगळे हसले. वैभवीही हसली. मग माझ्याकडे वळून पुन्हा "जयभीम मावशी" म्हणाली आणि मला खाली उतरायला हात दिला.

त्याआधी माइक माझ्याकडे आला होता. मी जिद्द आणि मेहनत यांच्यावर दोन वाक्यं बोलले.

पायऱ्यांपाशी नागसेनभाऊंनी घडी केलेला कागद दिला. तुझं अक्षर मी ओळखलं. ७.७, ८.०, ८.१, ८.२. मधल्या दोघांची सरासरी ८.०५. कसरतीच्या काठिण्याचे ५. एकूण १३.०५. त्याखाली, आठवी १३.००. बाकी एक शब्द नाही.

तुझं गणित बरोबर आहे. माझा आकडा निकालात नाही असं मी मागच्या पत्रात लिहिलं, ते लिहितानाच मला ठाऊक होतं की अर्धवट आहे. माझा ७.६ तळाला जाऊन बसला म्हणून ७.७ वगळला जायचा वाचला आणि सरासरीत गेला, ती ७.९ वर आली. वगळलेले गुणसुद्धा काम करून जातात. प्रशिक्षकाला हे कळणार नाही असं मी कसं धरून चालले, याचं मला आश्चर्य वाटतं. कदाचित मी ते तुझ्यासाठी लिहिलंच नव्हतं.

पण तू माझ्या नावावर जे ८.० धरले आहेस तो तुझा अंदाज आहे, सुभद्रा. मी ७.६ पाहिले.

एवढं कळव, तू हे गणित वैभवीला दाखवलं आहेस का? तिच्या बोलण्यावरून तरी नाही असं वाटलं.

नंदिनी


१८ जून

सुभद्रा,

वैभवी आज माझ्या कॉलेजात आली होती. तिनं तुला सांगितलं नसेल तर माझ्यामुळे कळतंय, याबद्दल माफ कर. बी.ए.च्या प्रवेशासाठी आली होती. खेळाडूंच्या जागांचे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. ती साध्या रांगेत उभी होती. मी उठून गेले.

"इथं काहून उभी तू? तिकडं ये. सर्टिफिकेटं कुठं आहेत?"

"घरी हाय."

"आणली नाही?"

"मी आता खेळत नाही न, मावशी." अगदी साधेपणानं म्हणाली, बस चुकली असं सांगावं तसं. "मार्चपासून बीमवर चढली का तिथंच पाय डुलते. त्याच उडीले. मम्मीले वाटते मी नाटकं करून राहिली. नाटकं नाही वं. माझ्यात तेवढंच होतं."

अर्जातला खेळाचा रकाना तिनं कोरा ठेवला होता. मी म्हटलं, भर. ती म्हणाली, खोटं कशाला लिहू?

मी टेबलाशी परत आले आणि चार वाजेपर्यंत लोकांच्या मुलांची सर्टिफिकेटं तपासली.

मी पंचवीस वर्षं रोजनिशी लिहिते हे तुला माहीत आहे. त्यावरून तू माझी थट्टाही केली आहेस. त्या दिवसाच्या पानावर फक्त एवढंच आहे: 'बीम. वै. नववी. थंडी फार.' काही लपवायचं असलं की मी हवामान लिहिते, हे मला आज मागची पानं चाळताना दिसलं.

पण पंचाची वही वेगळी असते. प्रत्येक हालचालीची एक खूण आणि खुणेपुढे किती कापायचं ते. तिच्या पानावर मी ओळीनं सगळं लिहिलं. उडीनंतरचे तीन दशांश, गुडघ्याचा एक, उतरताना पडलेल्या पावलाचा एक, असे करत वीस दशांश. दहातून दोन गेले, आठ. खाली '८.०' लिहून गोल केला आहे. त्यानंतर यंत्रावर आकडा टाकायचा असतो. टाकायच्या आधी मी त्या वीसपुढे आणखी चार लिहिले. लयीचा एक. पायाच्या बोटांचा एक. खांद्यांचा एक. चेहऱ्यावर भाव नाही, एक. हे चार असे आहेत की त्यांच्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारू शकत नाही. म्हणूनच मी तेच निवडले.

तिच्या चेहऱ्यावर भाव होता, सुभद्रा.

मी आठ पाहिले आणि सात पूर्णांक सहा दिले. मागच्या दोन पत्रांत याच्या उलट जे लिहिलं आहे ते खोटं आहे.

का, ते मी स्वतःला तीन महिने विचारते आहे. त्या दिवशी नाश्त्याला एक परदेशी पंचबाई हसत म्हणाली, "आज तुमची मुलगी आहे ना?" तिच्या म्हणण्याचा अर्थ तुमच्या देशाची, एवढाच होता. मला ऐकू आलं ते वेगळंच. मी पहिल्यांदा जिल्हा स्पर्धेत पंच म्हणून बसले तेव्हा मागे एक पालक मला ऐकू जाईल असं म्हणाला होता, "बाई त्यांच्यातलीच हाय, पाहजा आता, आपल्यावाल्याईलेच देईन." त्या दिवशी आपल्या वस्तीतल्या एका मुलीचे मी दोन दशांश जास्त कापले. कुणी काही म्हणू शकलं नाही. मला फार हलकं वाटलं. तेव्हापासून ही सवय आहे. अकरा वर्षं. आपल्या मुलींचा एक, कधी दोन. लोक मला निष्पक्ष म्हणतात ते या मुलींच्या जिवावर. त्यांतल्या एकीनंही कधी विचारलं नाही. वैभवीचे चार कापले, कारण ती सगळ्यांत जवळची होती.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. खरं आहे, पण यात सगळं आलेलं नाही.

मला वैभवीला हे सांगायचं आहे. पंचवीस ऑगस्टला शिबिरासाठी राज्याची निवड चाचणी आहे, नाव द्यायची मुदत दहा ऑगस्टपर्यंत. आपला पाय कच्चा आहे असं समजून ती सोडते आहे. ती डुलूनसुद्धा अंतिम फेरीत होती. हे तिला मुदतीआधी कळायला हवं. तू आई आहेस आणि प्रशिक्षकही, म्हणून तुझ्या परवानगीशिवाय सांगणार नाही. हो किंवा नाही, एवढंच कळव.

नंदिनी


८ जुलै

सुभद्रा,

काल धंतोलीच्या दवाखान्यात, आपल्याला पहिल्यांदा बीमवर चढवणाऱ्या गोपाळराव सरांना पाहायला गेले होते. खुब्याचं ऑपरेशन बरं झालंय, नर्सला दम देण्याइतके बरे आहेत. तू आदल्या दिवशी येऊन गेलीस असं म्हणाले. "एक सकाळी येते, एक संध्याकाळी. एकत्र याले काय होते तुमाले? मी का दोनदोनदा तोंड धुवू?"

मी त्यांना मार्चचं सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "मी पोरीईले कधी गुण सांगतले नाही. कोणाच्या नावानं रडू नये म्हणून. तुम्हा दोघीईलेही नाही सांगतले."

मी विचारलं, पंच्याण्णव साली शिबिरासाठी आमच्यातून एकीलाच पाठवायचं होतं. तुम्ही सुभद्राला पाठवलंत. तेव्हा आमचे गुण किती होते?

"मले काय ठाऊक आता? वही तं रद्दीत गेली," ते म्हणाले आणि नर्सला चहासाठी हाक मारू लागले.

मी पंच का झाले असं तू मला एकदा विचारलं होतंस आणि मी खेळावरच्या प्रेमाबद्दल काहीतरी बोलले होते. गुण जिथून निघतात तिथे मला बसायचं होतं.

घरी आले तर नागसेनभाऊ दारात उभे होते. तुझा निरोप त्यांनी पाठ करून आणला होता, मान खाली घालून म्हणून दाखवला. "सुभद्रा म्हणते, पोरगी एकदा पंचाच्या नावानं रडाले लागली का ते संपली. तिले काही सांगाचं नाही. तुमचं तुमच्यापाशी ठेवा." मी पाणी दिलं. ते प्याले. जाताना स्वतःचं एक वाक्य बोलले. "ताई, माह्यं म्हणसान तं, मले दोघीईचंही समजत नाही. पोरगी दुपारभर पंख्याकडं पाहत पडली राह्यते."

मी शब्द पाळेन असं त्यांना सांगितलं आहे.

नंदिनी


३० जुलै

सुभद्रा,

मी शब्द मोडला.

काल कॉलेजच्या जिमखान्यात वैभवी एकटी बसली होती. मोबाइलवर ऑलिंपिकची पात्रता फेरी पाहत होती, परवाची. मला पाहून तिनं फोन लपवला नाही, उलट सरकून जागा दिली. आम्ही दोघींनी एक बीम पाहिलं. ती मुलगी कुठल्या देशाची होती ते मला आता आठवत नाही. उडीनंतर तिचा तोल गेला, कंबरेतून वाकली, हात दोनदा फिरवले, तरी टिकली. गुण आले. वैभवीनं पडदा थांबवला.

"मावशी, हे तं माह्यापेक्षा जास्त डुलली."

"हो."

"हिले एवढे देले. मंग माह्ये एवढे कसे कटले?"

तिनं तक्रार म्हणून विचारलं नाही. शिकायचं म्हणून विचारलं, जशी ती दहाव्या वर्षी विचारायची. मला उत्तर देता आलं असतं. पंच वेगळे, स्पर्धा वेगळी, खांदे, बोटं. ती उत्तरं मला पाठ आहेत आणि ती तिनं मान हलवून घेतली असती. मी तोंड उघडलं तेव्हा तेच सांगणार होते.

मी तिला वहीचं पान दाखवलं. मार्चपासून ते माझ्या पर्समध्येच असतं.

तिनं खुणा ओळखल्या, तूच शिकवल्या आहेस. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. गोलाजवळ थांबली.

"हे आठ कोणाचे?"

"तुझे."

"माह्ये? आठ?" सुभद्रा, ती हसली. खरोखर हसली. बीमवर कुणी तिला इतके कधी दिले नव्हते असं तिला वाटलं. त्या दिवशी बाकी तिघींतल्या दोघींनी आठाच्या वर दिले होते, पण त्या अनोळखी होत्या. मग बोट खाली सरकलं. "अन् हे चार?"

मी सांगितलं. नाश्ता, तो पालक, अकरा वर्षं, सगळं. तू सांगू नको म्हणाली होतीस हेही सांगितलं, कारण ते लपवलं असतं तर पुन्हा मी माझ्या सोयीचं तेवढंच सांगितलं असतं. यात मी तुझं नुकसान केलं आहे.

तिनं पुन्हा वरपासून सगळ्या ओळी वाचल्या. मग म्हणाली, "म्हणजे मी दुसऱ्या कोणाची पोरगी असती तं गेली असती."

"हो."

"अन् पाच महिने मी माह्या पायाले शिव्या देऊन राहिली."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. "हात नको लावू," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. पानाचा फोटो काढला, पान माझ्या हातात परत दिलं आणि निघून गेली. ओढणी बाकावरच राहिली होती. मी ती शिपायाकडे ठेवली आहे.

नंदिनी


२१ ऑगस्ट

सुभद्रा,

तू कॉलेजच्या फाटकात येऊन जे बोललीस ते मी घरी येऊन उतरवून ठेवलं. चुकलं असेल तर दुरुस्त कर.

"तुले सांगतलं होतं न, नको सांगू म्हणून? पोरगी माह्याशी बोलत नाही आता. म्हणते, तुले माहीत होतं, तरी तू मले पडू देलं." मी काही म्हणणार तेवढ्यात तू म्हणालीस, "तू चूप. तुले आठ दिसले होते, आठ! अन् तरी त्या शालीसाठी मान वाकवली." आणि मग वळून, दोन पावलं गेल्यावर, "भेव कोणाचं होतं तुले वं? त्या लोकाईचं का माह्यं?"

आधी दुसरं सांगते, ते तुला वैभवीकडून कळणार नाही.

तिनं नऊ ऑगस्टला, मुदतीच्या आदल्या दिवशी, चाचणीसाठी नाव दिलं आणि त्यासोबत एक अर्ज. काल आपल्या संघटनेच्या सचिवांनी मला बोलावून तो दाखवला. अर्ज सहा ओळींचा आहे. मार्चच्या स्पर्धेत सदर पंचांनी पाहिलेले गुण आठ होते, नोंदवलेले सात पूर्णांक सहा होते, त्यांनी हे स्वतः मला सांगितले, म्हणून त्यांना चाचणीच्या पंच मंडळावर ठेवू नये. सोबत फोटो जोडला आहे. एक शब्द जास्तीचा नाही. तूसुद्धा यापेक्षा चांगला लिहिला नसतास.

सचिव मला धीर देत होते. "पोरगी हाय मॅडम, रागात लिहिलं असन. तुमचे तं वगळलेच होते न? मंग काय फरक पडला? तुम्ही फक्त एक ओळ लिहून द्या, असं काही झालं नाही म्हणून. मी फाइल बंद करतो." त्यांनी पेनसुद्धा उघडून दिलं.

मी लिहिलं: अर्जातील मजकूर खरा आहे. खाली सही, तारीख. सचिव म्हणाले, मॅडम, यानं तुमचं पंच म्हणून सगळं जाईल, हे समजते न तुम्हाले? मी म्हटलं, समजतं. त्यांनी कागद ओढून घेतला, त्यांना आता माझ्यापासून लवकर सुटायचं होतं.

पण हे वाचून तू मला फार मोठं समजू नयेस. पेन माझ्या हातात होतं आणि कागदावर जागा होती. बाकीच्या मुलींबद्दल, अकरा वर्षांबद्दल, मी लिहिलं नाही. त्यांतल्या दोघींची लग्नं झाली आहेत, एक पोलिसात आहे, बाकीच्यांचं मला माहीत नाही. त्यांना कधीच कळणार नाही. मी घरी येताना ऑटोत स्वतःला सांगत होते की अर्ज फक्त वैभवीचा होता, म्हणून उत्तरही तेवढंच द्यायचं असतं. पहिल्या पत्रातलीच माझी ही भाषा आहे. ओळखलीस ना?

आता तुझा प्रश्न. मी आधी लिहिणार होते की भेव लोकांचं होतं. तसं लिहूनही पाहिलं, तो कागद फाडला. वैभवी बीमवर चढली तेव्हा तिनं सुरुवातीला दोन्ही हात वर नेले, कोपरं जराशी मागे. ते तुझे हात होते. सरांच्या हॉलमध्ये मी ते रोज पाहत होते आणि माझे तसे कधी आले नाहीत. मी ते पाहिलं आणि खुणा लिहायला लागले. खुणा सगळ्या बरोबर लिहिल्या, कुणालाही दाखव. आकडा टाकायच्या आधीची पाचसहा सेकंदं उरतात. त्यांत लोक किती होते आणि तू किती होतीस, हे मला वेगळं करता येत नाही. प्रयत्न केला. तू नव्हतीस असं मी म्हणणार नाही.

वैभवी आठ दिवसांपासून हॉलवर येते, सकाळी सहाला, तू यायच्या आधी, आणि तू आलीस की निघून जाते, असं नागसेनभाऊ म्हणाले. तिची ती उडी अजून लागत नाही. चारांतून एकदा लागते. चाचणीत लागेल की नाही ते मला सांगता येत नाही आणि तुलाही नाही.

रविवारी सकाळी आठला चाचणी आहे. माझ्या जागी अमरावतीच्या बाई येणार आहेत. मी त्यांच्याबरोबर अनेकदा बसले आहे. कडक आहेत, पण जे दिसतं तेच लिहितात. वैभवीचे गुण कमी आले तर या वेळी ते तिचेच असतील. तिला रडायचं असेल तर कुणाच्याही नावानं रडू दे, तू अडवू नकोस.

मी त्या दिवशी स्टेडियमच्या बाजूला फिरकणार नाही. निकाल मला कळवू नकोस.

नंदिनी